चैत्रातला नाताळ

नगर, ६ जानेवारी
(पौष शुद्ध सप्तमी, तुझ्याकडे पंचांग नसणार म्हणून लिहितो)

प्रिय पंकजा,

सलाम.

अमृतरावांचे गरम कपडे हिवरदऱ्याच्या म्हाताऱ्यांना वाटून येते, असं सांगून तू गेलीस. मला आठवतं त्याप्रमाणे ते तीन स्वेटर, एक शाल आणि एक कानटोपी होती. एवढ्या वाटपाला दीड महिना लागत असेल, तर सरकारनं तुला रेशनखात्यात घ्यावं.

फोन करत होतो. तुझ्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते आणि तिथे वारा असतो, त्यामुळे तू काय म्हणतेस त्यातला निम्मा अर्थ मला पदरचा घालावा लागतो. भाष्य लिहिणाऱ्या प्राध्यापकाला ते सवयीचं आहे, पण आतेबहिणीच्या बाबतीत धोक्याचं. म्हणून कागद घेतला.

मुद्दा असा. आपल्या मंडळीच्या मुलींच्या वसतिगृहात वॉर्डनची जागा रिकामी झाली आहे. राहायला दोन खोल्या, अंगणात डाळिंबाचं झाड, देऊळ समोर. (देऊळ म्हणजे आपलं, चर्च; आमच्या कॉलेजातले लोक प्रत्येक वेळी विचारतात म्हणून सवय लागली.) समितीत मी आहे, हे तुला ठाऊक आहे. समितीत माझं कोणी ऐकत नाही, हेही ठाऊक आहे. पण या वेळी सगळे आपणहून तुझंच नाव घेत आहेत. पाळकांची विधवा, शांत, शिस्तीची, पांढऱ्या साडीतली. मार्चअखेरपर्यंत तुझा होकार हवा.

अमृतराव जाऊन वर्ष झालं. पाळकघर सोडावं लागलं, मुलगा पुण्यात त्याच्या संसारात. तू अशी खर्ड्याच्याही पुढे माळावर एका खोलीत राहतेस, हे मला बरं वाटत नाही. सविताला तर मुळीच नाही. ती म्हणते, वन्सं आल्या की मला तुमच्या विनोदांपासून सुट्टी मिळेल.

ये.

तुझा
कल्याण


हिवरदरा, १४ जानेवारी

प्रिय कल्याण,

सलाम. तुझं पत्र मी इथल्या म्हाताऱ्या झुंबरबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लई ग्वाड लिवतो ओ तुमचा भाऊ. पर मधी मधी चिमटा काडतो." तुझं इतकं नेमकं परीक्षण विद्यापीठात कोणी केलं नसेल.

बरं झालं पत्र लिहिलंस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदावर तुला माझं संपेपर्यंत गप्प बसावं लागतं.

तुला पंचवीस डिसेंबरची गोष्ट सांगते, म्हणजे मी का थांबले ते कळेल.

स्वेटरं वाटून झाली आणि मी ठरवलं, आता नाताळ इथेच करावा. ह्यांची पहिली नेमणूक इथलीच. सकाळी पांढरी साडी नेसून, उपासनेचं पुस्तक घेऊन देवळात गेले, तर कुलूप. गावात पाहावं तर कोणी नाही. घरांना कड्या, अंगणात कोंबड्या. आपली सगळी घरं ऊसतोडीला गेलेली. मागे राहिलेली म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं.

झुंबरबाई उन्हाला बसल्या होत्या. मी जरा कडकच बोलले. म्हटलं, "आज नाताळ, आणि देवळाला कुलूप?"

"आज?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच वेडी. "आमचा नाताळ चैतात असतोय बाई. कारखान्याचा पट्टा पडला, तोड सरली, लेकरं घरी आली, की मग."

"अहो पण प्रभूचा जन्म आज झाला."

"झाला असंल. पर घरात कोन न्हाई तर पाळना हालवायचा कुनी?"

मी तरीही कुलूप काढायला लावलं. तू म्हणतोस ना, शिस्तीची. तीन म्हाताऱ्या, चार पोरं आणि दारातून आत आलेली एक शेळी. पुस्तकातली भक्ती सुरू केली. पाठ, उत्तर, पाठ, उत्तर. झुंबरबाईंना डुलकी लागली. शेवटचं आमेन झालं तशी जाग आली, आणि त्या अगदी सरळपणे म्हणाल्या, "ही पुस्तकाची झाली. आता तुमची करा."

कल्याण, माझ्याकडे माझी नव्हतीच.

मी उभीच राहिले. सगळे वाट पाहत होते, शेळीसुद्धा. आणि मग माझ्या तोंडून आबांचं नमन निघालं. माझ्या आजोळी आपले आबा कीर्तनाला उभे राहिले की पहिलं म्हणायचे ते. आवाज फाटला, दुसरी ओळ आठवेना, मी पहिलीच पुन्हा म्हटली. झुंबरबाई टाळ्या वाजवू लागल्या. पोरं हसली. मी पण हसले आणि मग रडले, आणि मग पुन्हा हसले. दार लावून घ्यायचं भान राहिलं नाही. पाळकीणबाई म्हणून इतकी वर्षं काढली, पण देवळात मी मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर रोज दिवेलागणीला पोरं आणि म्हाताऱ्या येतात. आबांचं एकेक पद आठवतंय तसं म्हणते.

चैत्रात, पाडव्यानंतरच्या शनिवारी, गावाचा नाताळ आहे. मला कीर्तन करायला सांगितलंय. मी हो म्हटलं. तेव्हा एक काम कर. तुझ्या बैठकीत खिळ्याला आबांच्या चिपळ्या टांगल्यात, त्या पाठव.

वसतिगृहाचं नंतर लिहिते.

तुझी
पंकजा


नगर, २७ जानेवारी

प्रिय पंकजा,

चैत्रातला नाताळ! मी पत्र दोनदा वाचलं आणि मग पंचांग काढलं. तुमचा तो शनिवार चक्क उपवासकाळात येतो. पुढे दोन आठवड्यांनी गुड फ्रायडे आणि ईस्टर. म्हणजे बारसं आणि तेरावं एकाच मांडवात उरकण्याची सोय झाली. आचारीही एकच लागेल.

प्रभूच्या जन्माची खरी तारीख कोणालाच ठाऊक नाही, हे मी जाणतो. पण जे ठाऊक नाही ते सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी ठाऊक नसावं, यालाच परंपरा म्हणतात. तू तीच मोडतेस. समितीत कोणी विचारलं तर मी काय सांगू? की आमची पाळकीणबाई साखर कारखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे सण करते?

चिपळ्यांचं म्हणशील तर त्या पाठवता येणार नाहीत. खालच्या फळीला भेग गेली आहे, तांब्याची तार गुंडाळून ठेवली आहे. टपालात टिकणार नाहीत. शिवाय त्या खिळ्याखाली भिंतीचा रंग वेगळा पडला आहे. काढल्या तर वाईट दिसेल. सविता म्हणते ही कारणं आहेत, उत्तर नव्हे. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

आता गंभीरपणे. (मला ते जमत नाही, तरी प्रयत्न पाहा.) तू दुःखात आहेस. दुःखात माणूस लहानपणाकडे धावतो, ते स्वाभाविक आहे. तुला आबा आठवले, त्यांची पदं आठवली, बरं वाटलं. पण त्यावर आयुष्याचा निर्णय बांधू नये. पन्नाशीनंतर माणसाला छप्पर लागतं, दवाखाना जवळ लागतो. कीर्तन कर हवं तर, पण एप्रिलमध्ये इथे ये.

आनंद हा शब्द मी तीस वर्षं वर्गात फोडून दाखवत आलो. धातू काय, उपसर्ग काय. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेव, तो टिकाऊ पदार्थ नाही.

कल्याण


हिवरदरा, १० फेब्रुवारी

कल्याण,

रागानं लिहिते आहे, म्हणून सलाम शेवटी करीन.

तू म्हणतोस मी दुःखात आहे. होते. ह्यांच्या आठवणीनं अजूनही सकाळचा चहा मी करत नाही. सबंध संसारात रोज माझ्याआधी उठून चहा त्यांनी केला. असा नवरा किती जणींना मिळतो? पण मी तुला जे सांगत होते, ते दुःखाबद्दल नव्हतंच.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी देवळात गायले. आबांच्या घरात गातात तशी, छातीतून. घरी आल्यावर हे हळूच म्हणाले, "पाळकीणबाईंचा आवाज मंडळीच्या वर जायला नको. लोक बोलतात." त्यांच्या आधीच्या पाळकांचं घर अशाच बोलण्यानं मोडलं होतं. त्यांना भीती होती. त्यांनी मला दटावलं नाही, विनवलं. मी आवाज खाली ठेवला. मग हसणं खाली ठेवलं. मग मानही. पहिल्या बाकावर, भिंतीकडून पहिली जागा. कोणाच्या घरी जास्त वेळ बसायचं नाही, कोणाशी जास्त बोलायचं नाही.

आणि तुला एक सांगू? प्रभूही मला ह्यांच्या वरिष्ठांसारखा वाटायचा. साहेबांच्या घरी गेल्यावर आपण पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसतो ना, तशी मी त्याच्यापुढे इतकी वर्षं बसले. चूक होऊ नये एवढीच प्रार्थना. इथे त्या दिवशी माझा आवाज फाटला आणि काही झालं नाही. छप्पर पडलं नाही. उलट मला वाटलं, तो तिथे शेळीशेजारी बसलाय आणि म्हणतोय, पंकजे, किती उशीर लावलास. आता मी त्याच्यापुढे चुलीपुढे बसावं तशी बसते. पाय पसरून.

तू मला पुन्हा त्या बाकावर बसवतोयस. डाळिंबाचं झाड देऊन, पण बाक तोच.

कीर्तनाला आख्यान निवडलंय. शुभवर्तमानातली, सभास्थानातली ती वाकलेली बाई. अठरा वर्षं कमरेत वाकलेली, वर बघताच येत नसलेली. प्रभू तिला बोलावतो, हात ठेवतो, ती ताठ होते. आणि सभास्थानाचा अधिकारी काय म्हणतो, आठवतं? बाई बरी झाली याचा आनंद नाही. आज शब्बाथ, विश्रांतीचा वार आहे, म्हणतो. बरं व्हायचं तर दुसऱ्या वारी या.

पंचांग काढून बसलेला तो गृहस्थ मला अगदी घरचा वाटला.

सलाम. चिपळ्या पाठव.

पंकजा


हिवरदरा, १२ मार्च

प्रिय कल्याण,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. मी फार टोचून बोलले. तू चिडत नाहीस, पण गप्प बसतोस, आणि ते चिडण्यापेक्षा वाईट असतं.

कारखान्यांचे पट्टे पडू लागलेत. ट्रॅक्टर भरभरून माणसं परत येताहेत. पातेली, गोधड्या, सायकली, कोंबड्यांच्या डाली. झुंबरबाईंची सून बनुबाई तान्ही पोर घेऊन आली. सांगलीकडे उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत (झोपडीच ती) बाळंत झाली. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मोळ्या उचलायला उभी. मी हळहळले, तर झुंबरबाई म्हणाल्या, "मरियामाय तरी कुठं दवाखान्यात हुती?" आणि दोघी सासवासुना हसल्या. बनुबाई हसताना कमरेला हात लावते. मोळी वाहून वाहून तिची पाठ सरळ होतच नाही. वय सव्वीस.

पण तुला वेगळंच लिहायचंय. परवा आपल्या मंडळीच्या समितीतले एक वडील इकडे आले होते. नाव लिहीत नाही, तू ओळखशील. पाण्याचा पेला हातात घेऊन म्हणाले, "पाळकीणबाई, रेव्हरंड अमृतरावांनी सबंध हयात एकही बोट उठू दिलं नाही. त्यांच्या बायकोनं उपवासकाळात चिपळ्या घेऊन लोकांपुढे नाचायचं? त्यांच्या नावाचा तरी विचार करा." ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी उत्तर दिलं असतं.

ते वडील परत गेल्यापासून माझा आवाज निघत नाही. संध्याकाळी पोरं आली, मी म्हटलं, आज घसा बसलाय. काल पण तेच म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे सगळ्या संसारात एकच गोष्ट मागितली. ती मी ते गेल्यावर मोडायची का? त्यांना इथे येऊन माझ्याशी भांडताही येत नाही.

तू म्हणत होतास तेच बरोबर असेल. समितीला माझा होकार कळव. इथल्या लोकांना मी सांगेन काहीतरी.

तुझी
पंकजा


नगर, २० मार्च

प्रिय पंकजा,

तुझा होकार मी समितीला कळवलेला नाही. टपालखात्यात पत्रं गहाळ होतात, तसं हेही झालं आहे असं मी ठरवलं आहे. मार्चअखेरपर्यंत ते सापडणार नाही.

मी चिडलो नव्हतो. तुझ्याशी दोन गोष्टी बोलायच्या होत्या आणि दोन्ही विनोदात बसेनात, म्हणून थांबलो. विनोदाशिवाय लिहिणं म्हणजे टोपीशिवाय उन्हात जाणं. आज जातो.

पहिली गोष्ट. फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी मी हिवरदऱ्याला आलो होतो.

तुझं रागाचं पत्र हाती पडलं, तेव्हाच निघायचं ठरवलं. समोर बसून समजूत घालावी, सामान बांधावं, आणि घेऊनच यावं. खर्ड्याला एसटीतून उतरलो. लालमहंमद म्हणून एक टेम्पोवाले भेटले. पुढे तुमच्याच गावाला पशुखाद्य घेऊन निघाले होते. त्यांनी वाटेत सांगितलं की तुझ्या कीर्तनाला ढोलकी तेच धरणार आहेत. मी म्हटलं, "तुम्हाला हे चालतं?" ते म्हणाले, "सर, ढोलकीला तालाशी मतलब. आन् बाईला नाही कोण म्हननार?"

देवळाजवळ लिंबाखाली उतरलो. दार उघडं होतं. आतून कोणी बाई हसत होती. मला वाटलं गावातली कोणी असेल. मग ते हसणं वर चढलं, मध्येच श्वास तुटला आणि शेवटी उचकीसारखं काहीतरी झालं. आणि मी ओळखलं. आबांच्या बैलगाडीत मागे बसून तू अशी हसायचीस, आणि आबा पुढून म्हणायचे, "पंकू, बैल बुजतील." मी ते हसणं गेल्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी मागे फिरलो. लालमहंमद अजून पोती उतरवत होते. म्हणाले, "इतक्यात?" म्हटलं, "काम झालं."

तुझी समजूत घालायला आलेला माणूस लिंबाखालून परत गेला, हे तुला कळू नये अशी इच्छा होती. आता कळलं.

दुसरी गोष्ट अमृतरावांची. ही मी वर्षभर सांगितली नाही, कारण वाटलं तुझं दुःख वाढेल. दवाखान्यातला त्यांचा शेवटचा आठवडा. तू डबा आणायला गेली होतीस, मी खुर्चीत पेपर वाचत होतो. ते एकदम म्हणाले, "कल्याणराव, पंकजा लहानपणी गायची ना?" म्हटलं, हो, आबांच्या मागे. "कशी गायची?"

आता हे सांगायचं कसं? मी पेपर बाजूला ठेवला आणि आबांचं ते नमन म्हणून दाखवलं. दवाखान्यात, माझ्या आवाजात. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. अमृतराव लक्ष देऊन ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "इतकं वाईट?" मी म्हटलं, अहो, हा माझा आवाज, तिचा नव्हे. तेव्हा ते हसले. नळ्यांमधून जितकं हसता येतं तितकं. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मी तिला एकदा गप्प राहायला सांगितलं होतं. पुन्हा गा म्हणायचं राहून गेलं. आता तिला सांगितलं, तर ती रडेल आणि माझ्यासाठी म्हणून गाईल. तसं नको. तिची ती गाऊ दे."

मंडळीच्या त्या वडिलांना अमृतरावांचं नाव ठाऊक आहे, पंकजा. माणूस मला थोडासा ठाऊक होता.

राहिल्या चिपळ्या. त्या टपालानं पाठवत नाही. मी घेऊन येतो आहे. वाटेत तार सुटली तर दुरुस्त करायला कोणी हवं. आणि कीर्तनकाराच्या मागे टाळ धरायला माणूस लागतो. आबांच्या मागे मी उभा राहायचो, हे तू विसरली असशील, मी नाही.

कल्याण

ता. क. सविताही येते म्हणते. तिला सुट्टी नको, विनोद हवेत.


हिवरदरा, २७ मार्च

प्रिय कल्याण,

तुझं पत्र वाचून मी टाकीवर जाऊन बसले. वाऱ्यात रडलं की कोणाला कळत नाही. झुंबरबाईंना कळलंच. त्यांनी खालून हाक मारली, "घसा सुटला का न्हाई अजून?" मी वरूनच नमन म्हटलं. सुटला होता.

"इतकं वाईट?" असं ते म्हणाले, हे मला खरंच वाटतं. तुझा आवाज मला आठवतो.

पाडव्यानंतरच्या शुक्रवारी दुपारपर्यंत या. झोपायला देवळाच्या ओट्यावर गोधड्या आहेत. जेवायला बाजरीची भाकरी आणि वाटाण्याची उसळ. नाताळचा केक बनुबाई तव्यावर करणार आहे, तेव्हा पोट तयार ठेव. तुझ्याकडे काम दोन. टाळ धरायचा. आणि सभास्थानाच्या अधिकाऱ्याची वाक्यं तू बोलायची. दुसरा कोणी त्या आवाजात बोलू शकत नाही.

पंकजा


नगर, सोमवार
(नाताळचा तिसरा दिवस)

प्रिय पंकजा,

सलाम.

कानात अजून लालमहंमदची ढोलकी आहे. सविता म्हणते, मी कॉलेजात वर्गावर ठेका धरला. अफवा आहे. टेबलावर धरला होता.

तुला सगळं दिसलं नसणार, कारण तू करत होतीस आणि मी तुझ्या मागे होतो. म्हणून मी पाहिलं ते लिहून ठेवतो.

तू कमरेत वाकलीस आणि वाकूनच बोलू लागलीस, तेव्हा मला आधी तुझ्या पाठीची काळजी वाटली. तू म्हणालीस, या बाईनं आभाळ पाहिलेलं नाही, ती माणसं पायांवरून ओळखते. हे पाय सावकाराचे, हे पाय शेजारणीचे, हे पाय मुकादमाचे, तो आला की जोडे आधी दिसतात. बायका हसल्या, आणि मग हसता हसता आपापल्या पायांकडे बघू लागल्या. फडात मोळी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला काय दिसतं, हे तू कुठल्या पुस्तकातून आणलंस, विचारायचं राहिलं. नंतर बनुबाईनं सांगितलं, "त्ये मीच सांगितलं बाईंना."

मग तू म्हणालीस, आज तिला नवे पाय दिसले. धुळीचे, टाचेला भेगा. लांबून चालत आलेले. आणि हे पाय तिच्यापुढे येऊन थांबले. बाकीचे सगळे बाजूनं जायचे.

माझी पाळी आली. मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, "बाई, आज वार कोणता? पंचांग पाहिलंत का?" सगळं देऊळ हसलं, आणि झुंबरबाई मागून गरजल्या, "तुज्या पंचांगाला चुलीत घाल! तिची पाठ मोडलीया!" संहितेत हे वाक्य नव्हतं. मला पुढचं आठवेना.

आणि तू सरळ होऊ लागलीस. किती हळू! एकेक मणका मोजावा तशी. चिपळ्या वर गेल्या, तुझी मान वर गेली, आणि तू छातीतून गायलीस. मंडळीच्या वर, छपराच्या वर. तुझ्या समोर बसलेली बनुबाई पोर कडेवर घेऊन उठली. कमरेला हात लावून, तोंड वाकडं करत, पण उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग पूर्ण ओळ. कोणी सांगितलं नव्हतं.

मी वर पाहिलं. तीस वर्षं पुस्तकावर वाकून मीही बरेच पाय पाहिले होते. टाळ हातात तसाच राहिला.

पाठीत धपाटा बसला. झुंबरबाई. "बघतो काय? वाजव की!"

वाजवला. आणि गायलो. तुला ऐकू आलं असेल. आलं असेल तर क्षमा कर. "इतकं वाईट?" असं कोणी वरून म्हणाल्यासारखं वाटलं, पण थांबलो नाही. आनंद टिकाऊ नसतो असं मी तुला लिहिलं होतं. ते मी फोडून ठेवलेल्या शब्दाबद्दल बोलत होतो. परवा तो अखंड पाहिला.

वसतिगृहाची जागा पुष्पावती टीचरना दिली. त्या डाळिंबावर खूश आहेत. समितीत त्या वडिलांनी विचारलं, पाळकीणबाईंचं काय ठरलं? मी म्हटलं, त्यांना आधीच नेमणूक मिळाली आहे. कोणी केली, म्हणाले. मी म्हटलं, शेळीशेजारी बसले होते, त्यांनी. कोणाला काही कळलं नाही. समितीत माझं कोणी ऐकत नाही, ते या वेळी उपयोगी पडलं.

चिपळ्या तिथेच राहू देत. तार मी नवी गुंडाळली आहे. इथे भिंतीवर खिळा उरला, आणि खाली फिक्या रंगाचे दोन डाग. सविता म्हणाली, पंचांग लावा तिथे. मी म्हटलं, नको. तो खिळा रिकामा दिसला की मला त्या कुठे आहेत ते आठवतं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी येतो. टाळ माझाच, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.

तुला, झुंबरबाईंना, बनुबाईला आणि त्या तान्हीला, नाताळच्या शुभेच्छा.

तुझा
कल्याण